दाखल्याची कुळकथा

ग्राफीन ऑक्साइडवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेचा एखादा ताजा शोधनिबंध उघडला, तर संदर्भसूचीत गेल्या चार-पाच वर्षांतली नावे दाटीवाटीने दिसतात आणि त्या गर्दीत १९५८ सालचा एक निबंध बहुधा सापडतोच. हमर्स आणि ऑफमन या दोन अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांचा हा निबंध छापील एका पानाचा आहे. ज्या ग्राफीनमुळे, म्हणजे ग्रॅफाइटच्या एका अणूइतक्या पातळ थरामुळे, तो आज शोधला जातो, त्याचे सुटे पापुद्रे मँचेस्टरच्या संशोधकांनी जगापुढे ठेवले ते २००४ मध्ये, म्हणजे या निबंधानंतर ४६ वर्षांनी. विज्ञान रोज पुढे सरकते, सिद्धान्त मोडीत निघतात, उपकरणे दहा वर्षांत जुनी होतात. मग जुने निबंध संदर्भसूचीतून बाहेर का पडत नाहीत? यावर नेहमी मिळणारे उत्तर आदराचे असते. पूर्वसूरींचे ऋण मानायचे, म्हणून त्यांची नावे घ्यायची. हे उत्तर अपुरे आहे. दाखला देण्याची पद्धत कोणाच्या गरजेतून घडली आणि वाटेत तिच्यातले काय गळून पडले, हे पाहिले की खरे कारण दिसते. आजच्या एखाद्या विधानाची जबाबदारी अजूनही ज्या जुन्या निबंधावर असते, त्याचेच नाव घ्यावे लागते. त्याचे वय किती, हा प्रश्न तिथे गौण असतो.

या पद्धतीचे मूळ हक्काच्या भांडणात आहे. सतराव्या शतकात शोध आधी कोणी लावला, याचा निवाडा करणारी जागाच नव्हती. शोध जाहीर करावा तर दुसरा तो उचलणार, दडवावा तर श्रेय हातचे जाणार, अशी कात्री होती. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५ मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ सुरू केले, तेव्हा त्यांनी या कात्रीवर उपाय शोधला. आलेले पत्र तारखेनिशी नोंदवायचे आणि छापायचे. ज्याने आधी कळवले त्याचा हक्क त्यामुळे सर्वांसमक्ष पक्का होई आणि ज्ञानही खुले होई. जुनी सवय लगेच मोडली नाही. स्प्रिंगच्या ताणाचा नियम रॉबर्ट हूक यांनी १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात बंद केला आणि दोन वर्षांनी त्याचा उलगडा केला. तरी हळूहळू छापील निबंध हाच शोधाचा अधिकृत पुरावा ठरला. त्याचा उल्लेख आधी ओघात होई, पुढे तळटीपेत आणि अखेरीस निबंधाच्या शेवटी नेमाने होऊ लागला. दाखल्याचे पहिले काम होते अग्रहक्क नोंदवण्याचे.

वनस्पती आणि प्राण्यांच्या नावांत हा अग्रहक्क आजही नियम म्हणून चालतो. वनस्पतींची नावे लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथापासून मोजतात, प्राण्यांची त्याच्याच दुसऱ्या एका ग्रंथाच्या १७५८ सालच्या आवृत्तीपासून. काही अपवाद सोडले, तर त्यानंतर जे नाव आधी रीतसर प्रसिद्ध झाले तेच टिकते. जुन्नर परिसरातल्या कड्यांवर वाढणारी शिंदळ माकुडी, म्हणजेच शिवसुमन, हिचे शास्त्रीय वर्णन वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात केले आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. पुढे काही शास्त्रज्ञांनी तिला दुसऱ्या प्रजातींत हलवले. आज कोणी कोणतेही नाव मान्य करो, नेमक्या कोणत्या झाडाबद्दल बोलणे चालले आहे हे ठरवायला डाल्झेल यांच्या वर्णनापर्यंत जावेच लागते. लिनियसनेही मलबारातल्या अनेक वनस्पतींना नावे देताना ‘होर्टुस मलबारिकुस’ या १६७८ ते १६९३ दरम्यान अॅमस्टरडॅमला छापलेल्या १२ खंडांचा आधार घेतला. त्यातली काही चित्रेच आज त्या नावांचे प्रमाणनमुने मानली जातात. या ग्रंथात कोचीच्या रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र छापले आहे. वनस्पतींची माहिती आम्ही दिली, असे त्यांनी नावानिशी लिहून दिले. हक्काबरोबर जबाबदारीही नोंदवली जाऊ लागल्याची ही खूण आहे, आणि पुढे हीच बाजू वरचढ ठरली.

कारण अग्रहक्काने हमर्स यांच्या निबंधाचे कोडे सुटत नाही. ग्रॅफाइटचे ऑक्साइड पहिल्यांदा त्यांनी केलेच नव्हते. ऑक्सफर्डचे ब्रॉडी यांनी ते १८५९ मध्ये केले होते आणि त्यांचा निबंध ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’मध्येच छापून आला होता. ब्रॉडींच्या कृतीत पोटॅशियम क्लोरेट आणि धूमायमान नायट्रिक आम्ल लागे. ती वेळखाऊ होती आणि स्फोटाची भीती कायम असे. हमर्स आणि ऑफमन यांनी १०० ग्रॅम ग्रॅफाइट आणि ५० ग्रॅम सोडियम नायट्रेट २.३ लिटर सल्फ्युरिक आम्लात घातले, बर्फाने थंड ठेवून हळूहळू ३०० ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट मिसळले, आणि मग तापमान व वेळ पायरीपायरीने सांगत अख्खी कृती दोन तासांच्या आत बसवली. ग्राफीन मोठ्या प्रमाणावर हवे झाले, तेव्हा हीच वाट सोयीची ठरली. चिकटपट्टीने सोललेले पापुद्रे भौतिकीच्या प्रयोगांना पुरत, पण किलोच्या हिशेबात माल हवा असेल तर ग्रॅफाइट आधी ऑक्साइडच्या रूपात फुलवावे लागे. आज प्रयोगशाळांत ‘मॉडिफाइड हमर्स’ हा शब्द सर्रास चालतो. कोणी सोडियम नायट्रेट वगळतो, कोणी फॉस्फरिक आम्ल घालतो, कोणी वेळ वाढवतो. बदल नेमका काय केला हे सांगायचे, तर मूळ काय होते हे दाखवावेच लागते. इथे १९५८ चा निबंध आजच्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग आहे. प्रथिनांचे मापन सांगणारा ऑलिव्हर लाउरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा निबंध २०१४ पर्यंत ३ लाखांहून अधिक वेळा उद्धृत झाला होता, तोही याच कारणाने. एवढे दाखले जगात दुसऱ्या कोणत्याही निबंधाला मिळाले नव्हते, आणि त्यात कोणता क्रांतिकारी सिद्धान्त नव्हता. मोजमाप कसे केले, याची हमी होती.

काही निबंध तंत्रासाठी टिकतात, तर काही प्रश्न वेळेआधी विचारल्यामुळे. काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक असलेले, मूळ कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर यांच्या मार्गदर्शनाखाली प्रह्लाद चुनीलाल वैद्य यांनी १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये एक छोटा निबंध लिहिला. श्वार्त्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये आइन्स्टाइनच्या समीकरणांतून ताऱ्याबाहेरचे गुरुत्वक्षेत्र काढले होते, पण त्या हिशेबातला तारा प्रकाश टाकत नव्हता. खरा तारा तर सतत ऊर्जा गमावतो. अशा ताऱ्याचे क्षेत्र कसे असेल, हे वैद्य यांनी काढून दाखवले. त्या काळी याची फारशी कोणाला गरज नव्हती. १९६० च्या दशकात क्वेसार सापडले, ताऱ्यांचे कोसळणे आणि कृष्णविवरे हे चर्चेचे विषय झाले, आणि वस्तुमान बदलणाऱ्या पिंडाचे तयार गणित हवे झाले. ते २० वर्षांपूर्वीच छापलेले होते. १९९९ मध्ये सापेक्षतेच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने हा निबंध पुन्हा छापला. त्यामागे भारतीयांचा सन्मान करण्याचा हेतू नव्हता. वैद्य यांच्या या उत्तरावर, म्हणजे ‘वैद्य मेट्रिक’वर, बांधकाम करणाऱ्यांना पायाची पाहणी करायची होती, आणि पाया तिथेच होता.

दाखल्यांचा माग काढण्याची शास्त्रशुद्ध पद्धत मात्र विज्ञानाने वकिलांकडून घेतली, आणि या कुळकथेतले निर्णायक वळण तेच आहे. न्यायालयात जुना निवाडा बंधनकारक असतो, पण नंतरच्या खंडपीठाने तो फिरवला असेल तर त्याचा आधार घेणारा वकील तोंडघशी पडतो. अमेरिकेत फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ मध्ये यावर एक साधी युक्ती काढली. इलिनॉय राज्यातल्या निवाड्यांचा पुढे कुठे कुठे उल्लेख झाला, हे ते डिंक लावलेल्या कागदी पट्ट्यांवर छापत, आणि वकील त्या पट्ट्या आपल्याकडच्या निकालग्रंथांच्या समासात चिकटवत. पुढे या पट्ट्यांचे ग्रंथ झाले आणि त्यांत प्रत्येक उल्लेखापुढे खुणा आल्या. निवाडा पुढे मान्य झाला, वेगळा काढला गेला की रद्द ठरला, हे एका अक्षरात कळे. शेपर्डच्या कंपनीतून निवृत्त झालेल्या विल्यम अडेअर यांनी १९५३ मध्ये पत्र लिहून ही पद्धत वैद्यकीय वाङ्मयाची सूची करणाऱ्यांच्या नजरेस आणली, आणि त्या प्रकल्पातल्या यूजीन गारफील्ड यांनी ती उचलली. १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी विज्ञानासाठी अशाच सूचीचा प्रस्ताव मांडला, तेव्हा सुरुवातीलाच हेतू स्पष्ट केला होता. खोट्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचा डोळे झाकून आधार घेतला जाऊ नये, आणि मागच्या निबंधावर कोणी काय आक्षेप घेतला हे अभ्यासकाला कळावे. १९६४ पासून त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नेमाने निघू लागली.

पण वकिलांची सूची विज्ञानात येताना त्या खुणा मागे राहिल्या. गारफील्ड यांच्या सूचीत कोणी कोणाचा उल्लेख केला एवढे कळे. तो उल्लेख पाठिंब्याचा, दुरुस्तीचा की खंडनाचा, हे कळत नसे. लाखो निबंध वाचून प्रत्येक उल्लेखाला खूण लावायला माणसे कुठून आणणार, ही अडचण खरी होती. पण परिणाम असा झाला की जे उरले ते मोजण्याजोगे होते आणि लोक मोजत सुटले. निबंध, नियतकालिके, पुढे माणसेही आकड्यांनी तोलली जाऊ लागली. जबाबदारीचा पत्ता सांगणारी पद्धत गुणपत्रिका बनली.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो. जुने निबंध वाचतो कोण? दुसऱ्याच्या यादीतून नाव उचलायचे आणि आपल्या यादीत चिकटवायचे, एवढेच होत असेल तर जबाबदारी वगैरे बोलणे व्यर्थ आहे. हा आक्षेप पोकळ नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ च्या सुमारास संदर्भांतल्या छपाईच्या चुकांचा माग काढला. १९७३ चा एक गाजलेला भौतिकीचा निबंध सुमारे ४३०० वेळा उद्धृत झाला होता. त्यांतल्या १९६ संदर्भांत चुका होत्या, पण वेगवेगळ्या चुका फक्त ४५. म्हणजे तीच चूक पुन्हा पुन्हा उतरवली जात होती. त्यांनी अंदाज केला की उल्लेख करणाऱ्यांपैकी साधारण पाचातला एकच मूळ निबंध वाचत असावा. यादीतून नाव उतरवून घेणाऱ्याने निबंध वाचलेलाही असू शकतो, हे लक्षात घेता हा आकडा जसाच्या तसा घेऊ नये. पण नकलेची सवय त्यातून लपत नाही.

त्या सवयीची किंमत किती मोठी असू शकते, हे १९८० च्या एका पत्राने दाखवले. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये पोर्टर आणि जिक यांचे पाच वाक्यांचे पत्र आले होते. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याच्या फक्त चार नोंदी सापडल्या, एवढाच त्यातला निष्कर्ष. पुढे घरी महिनोन्महिने या गोळ्या घेणाऱ्या रुग्णांनाही व्यसन लागत नाही, यासाठी हेच पत्र पुढे केले गेले. २०१७ मध्ये त्याचे ६०८ उल्लेख तपासले गेले. सुमारे ७२ टक्क्यांनी ते व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून वापरले होते, आणि सुमारे ८१ टक्क्यांनी ते रुग्ण रुग्णालयातले होते हे सांगितलेच नव्हते. अमेरिकेतल्या व्यसनसंकटात अशा गैरसमजाचाही हात होता. मात्र यावरून जुन्या निबंधांचे उल्लेख बंद करावेत, असे निघत नाही. पत्रातली माहिती आपल्या मर्यादेत बरोबर होती, आणि चूक पकडली गेली तीही मूळ पत्रापर्यंत मागे जाता आले म्हणून. त्याच वर्षी नियतकालिकाने पत्राशेजारी सावधगिरीची टीप जोडली. शेपर्ड यांच्या समासातली खूण ३७ वर्षे उशिरा का होईना, जागेवर आली.

दुसरा आक्षेप असा की पाठ्यपुस्तके असताना मुळाकडे जायचे कशाला? सातबारा उताऱ्यावर आजचा धारक कळतो, पण वाद पडला की फेरफार नोंदी काढाव्या लागतात. पाठ्यपुस्तक आणि मूळ निबंध यांचे नाते तसेच आहे. पाठ्यपुस्तक निष्कर्ष देते आणि अटी गाळते. कोणत्या तापमानाला, कोणत्या रुग्णांवर, कोणते गृहीत धरून, हे तपशील संक्षेपात सगळ्यांत आधी जातात आणि पोर्टर-जिक प्रकरणात नेमके तेच गेले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत चांगला आहे. बहुतेक जुने निबंध तर विसरलेच जातात, आणि काही फार मोठे निबंधही. रामन वर्णपट आज हजारो प्रयोगशाळांत रोज घेतले जातात, ग्राफीनचे थर मोजायलाही ते वापरतात, पण रामन यांच्या १९२८ च्या मूळ टिपणाचा उल्लेख त्यांतल्या थोड्याच निबंधांत असतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी हे ओळखले होते. शोध सामान्य ज्ञानात इतका मुरतो की शोधकाचा दाखला गळून पडतो. या आक्षेपातूनच कसोटी सापडते. ज्याच्या अटींवर आज कोणाचा वाद नाही, ते नावात मुरते. ज्याच्या अटी अजून बदलल्या, तपासल्या किंवा ताणल्या जातात, त्याचा दाखला द्यावाच लागतो. म्हणून रामन यांच्या टिपणापेक्षा हमर्स यांची कृती अधिक उद्धृत होते, आणि याचा थोरवीशी संबंध नाही.

जुने निबंध संगणकावर सहज मिळू लागल्यापासून हे नाते घट्टच झाले आहे. गुगल स्कॉलरच्या अभ्यासकांनी मोजले तेव्हा २०१३ मधल्या संदर्भांपैकी ३६ टक्के दहा वर्षांपूर्वीच्या किंवा त्याहून जुन्या निबंधांचे होते, आणि हे प्रमाण १९९० पासून वाढत आले होते. मुळापर्यंत पोहोचणे आता अवघड राहिलेले नाही. अवघड राहिले आहे ते दाखला कशासाठी दिला हे सांगणे. जुना निबंध उद्धृत करणाऱ्याने एक अर्धे वाक्य जास्त लिहावे: ही कृती आम्ही वापरली, या अटीत बदल केला, हा निष्कर्ष आमच्या रुग्णांना लागू नाही. संपादकांनी आणि मार्गदर्शकांनी त्याचा आग्रह धरावा. गारफील्ड यांनी मागितलेली गोष्ट एवढीच होती, आणि तिच्याशिवाय ३ लाख उल्लेखांचा आकडाही निबंध खरा की खोटा, हे सांगू शकत नाही.