सामान जड होऊ नये म्हणून

अमृता शेरगिलवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसलं की हात आखडायचा, कारण तिच्याबद्दल लिहिताना चित्रांइतकंच तिच्या प्रेमप्रकरणांबद्दल लिहावं लागतं, आणि हे वाचणाऱ्यांत माझी एक मावशी आणि दोन वहिन्या आहेत. पण मग वाटलं, ती स्वतः कधी लाजली नाही, तर आपण कशाला?

तर थोडी ओळख. जन्म 30 जानेवारी 1913, बुडापेस्ट. वडील उमरावसिंग, मजिठिया घराण्यातले शीख सरदार. संस्कृतचे अभ्यासक, फोटोग्राफीचे वेडे. आई हंगेरियन, गाणारी. सोळाव्या वर्षी, 1929 मध्ये, आईवडिलांनी मुलीला चित्रकला शिकायला पॅरिसला नेलं. 1933 मध्ये तिथल्या सलोंमध्ये 'यंग गर्ल्स' या चित्राला सुवर्णपदक मिळालं. 1934 च्या अखेरीस ती भारतात परतली. त्यानंतर हातात होती जेमतेम सात वर्षं. 5 डिसेंबर 1941 ला लाहोरला ती गेली. वय 28.

पॅरिसमधलं तिचं वागणं आजही कुणाला 'जरा जास्तच' वाटेल. पुरुष होते, बाई असण्याचीही चर्चा होती. एका मैत्रिणीवरून आईने पत्रातून टोकलं, तेव्हा हिने तसं काही नसल्याचं कळवलं, पण पुढे हेही लिहिलं की संधी आली तर स्त्रीशी संबंध ठेवायला आपली हरकत नसेल. हे 1934 साली, आईला! आम्ही कॉलेजात असताना आईला सिनेमाला गेल्याचंसुद्धा सांगत नव्हतो.

पण या मोकळेपणाची किंमत होती आणि ती तिने शरीराने मोजली. 1931 मध्ये आईच्या आवडीच्या एका श्रीमंत घरातल्या मुलाशी तिचा साखरपुडा झाला. चरित्रकार सांगतात की त्या संबंधातून तिला दिवस गेले आणि गुप्तरोगही जडला. यातून तिला सोडवलं ते व्हिक्टर एगनने. तो तिचा मावसभाऊ, तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी. 1938 मध्ये तिने लग्न केलं ते याच व्हिक्टरशी. (आपल्याकडे मावसभाऊ म्हणजे भाऊच, त्यामुळे मावशीचा चेहरा मला इथूनही दिसतोय.)

याच पॅरिसच्या वर्षांतलं एक चित्र मला फार महत्त्वाचं वाटतं. 'सेल्फ-पोर्ट्रेट ॲज अ ताहितियन', 1934. गोगँ हा फ्रेंच चित्रकार 1891 मध्ये ताहिती बेटावर गेला आणि तिथल्या सावळ्या मुलींना रंगवून अजरामर झाला. गोरा पुरुष बघणार, सावळी बाई बघून घेणार, अशी ती वाटणी. अमृताने काय केलं? कमरेपर्यंत उघडी, सावळी, केस मागे बांधलेली अशी ती स्वतःच त्या मुलीच्या जागी उभी राहिली. मागे एका पुरुषाची सावली आहे, पण सावलीच. आणि कुंचला हिच्या हातात. पॅरिसला जी 'पूर्वेकडची' वाटायची, तिने ते वाटणं उचलून आपल्या अटीवर परत दिलं.

आता शिमला, 1935. इंग्रज सरकारची उन्हाळी राजधानी. समर हिलवर शेरगिल कुटुंबाचं घर. तिथे एक इंग्रज पत्रकार येतो, माल्कम मगरिज. वय 32. आधी केरळात आलुव्याच्या कॉलेजात शिकवून गेलेला, मग मॉस्कोला राहून युक्रेनच्या दुष्काळावर लिहिलेला, आता कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये. लग्न झालेलं, बायको इंग्लंडात. अमृता 22 वर्षांची.

राज्यकर्त्या जमातीतला पुरुष आणि इथली मुलगी म्हटलं की आपल्या डोक्यात एक गोष्ट तयार असते: तो येतो, ती भाळते, तो जातो, ती रडते. इथे तसं काही दिसत नाही. काही महिने दोघं एकमेकांत बुडाले होते, शरीराने आणि वादानेही. मगरिजने रोजनिशीत तिच्याबद्दल लिहून ठेवलंय, आकर्षण आणि वैताग दोन्ही. तिच्या आत्मविश्वासाने तो भारला जायचा आणि बिचकायचाही. त्याच दिवसांत तिने त्याचं चित्र काढलं. म्हणजे इंग्रज पुरुष समोर बसलाय आणि हिंदुस्थानी बाई त्याला निरखतेय. गोगँची वाटणी इथे पुरती उलटली.

सप्टेंबरात तो लंडनला नोकरीवर निघून गेला. ती? त्याच वर्षी शिमल्याच्या कलासंस्थेने तिची पाठवलेल्या दहांपैकी पाच चित्रं नाकारली आणि उरलेल्यांतल्या एकाला बक्षीस दिलं, तर हिने ते बक्षीस परत केलं. मग 1936 च्या अखेरीस मुंबईला आली. तिथे कार्ल खंडालावाला हे पारशी वकील आणि कलेचे जाणकार तिचे मित्र झाले. ते आयुष्यभराचे. त्याच दौऱ्यात तिने वेरूळ आणि अजिंठा पाहिलं. पॅरिसमध्ये असतानाच तिने घरी लिहिलं होतं की अजिंठ्याचं एक भित्तिचित्र साऱ्या युरोपीय प्रबोधनापेक्षा मोलाचं आहे. आता ते समोर होतं. तिथून ती दक्षिणेत गेली आणि 1937 मध्ये 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' वगैरे चित्रं झाली. त्याच वर्षी बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदकही मिळालं. रडत बसलेल्या बाईचा हा दिनक्रम नव्हे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो भाग.

1938 मध्ये लग्नासाठी ती हंगेरीला गेली. मागे घरात तिला आलेली पत्रं होती. मित्रांची, प्रियकरांची. पंडित नेहरूंचीही. आईवडिलांनी ती वाचली आणि जाळून टाकली. हिला कळलं तेव्हा तिने वडिलांना पत्र लिहिलं. आरडाओरडा नाही. धक्का बसल्याचं कबूल केलं आणि सांगितलं की ती पत्रं मागे ठेवली ती पापी भूतकाळाचे पुरावे म्हणून नव्हे, आधीच जड असलेलं सामान आणखी जड होऊ नये म्हणून. आता जुन्या प्रेमपत्रांच्या करमणुकीविना रूक्ष म्हातारपण काढायची तयारी करायला हवी, असंही वर.

ते म्हातारपण तिला मिळालंच नाही. तीन वर्षांत, लाहोरच्या प्रदर्शनाच्या तोंडावर, दोन-चार दिवसांच्या आजारात ती संपली.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या आजीची बहीण आठवली. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेतला पत्रांचा गठ्ठा आमच्याच घरात बंबात गेला. कुणाची होती, काय होतं, विचारायची सोय नव्हती. "चांगलं दिसत नाही" एवढंच मोठ्यांचं उत्तर. पाणी तापलं, आंघोळी झाल्या. उमरावसिंग संस्कृत जाणत होते, आमच्याकडचे मोडी जाणत होते, एवढाच फरक.

आणि मगरिज? त्याच्या रोजनिश्या कुणी जाळल्या नाहीत. 1981 मध्ये त्या निवडून, संपादित होऊन पुस्तकरूपाने आल्या. मधल्या काळात तो ब्रिटनमधला मोठा नीतिवादी झाला होता. 1968 मध्ये एडिंबरा विद्यापीठाचा रेक्टर असताना विद्यार्थ्यांनी मागणी केली की विद्यापीठाच्या दवाखान्यात गर्भनिरोधक गोळ्या मिळाव्यात. त्याने या गोष्टीवर राजीनामा दिला! पुढच्याच वर्षी मदर तेरेसांवरची त्याची फिल्म आली आणि जग त्याला त्यासाठी ओळखू लागलं.

माणूस बदलू शकतो, त्याला ढोंगी म्हणायची मला घाई नाही. पण ज्या गोळीविरुद्ध तो उभा राहिला, ती 1931 मध्ये असती तर पॅरिसमधल्या एका अठरा वर्षांच्या मुलीचं काय काय वाचलं असतं, हा विचार डोक्यातून जात नाही. पुरुषाला तारुण्य भोगून नंतर त्यातून निवृत्त होता आलं. तिच्या वाट्याला नंतर असं काही आलंच नाही.

तरी एक बरं आहे. तिला आलेली पत्रं गेली, पण तिने लिहिलेली बरीच उरली, कारण खंडालावालांसारख्यांनी ती जपली. 2010 मध्ये तिचे भाचे विवान सुंदरम यांनी तिची पत्रं आणि लेखन दोन जाडजूड खंडांत छापलं. 2023 मध्ये तिचं 'द स्टोरी टेलर' 61.8 कोटी रुपयांना गेलं तेव्हा पेपरांत आकडाच मोठा होता. मला विचाराल तर आकडा सोडा, ते खंड कुठल्या वाचनालयात मिळाले तर आणा.

आणि हो, माळ्यावर एखाद्या आत्याची, काकूची ट्रंक असेल, तर बंबाकडे न्यायच्या आधी मला एक फोन करा. सामान जड झालं तर मी उचलायला येईन.