शिवलेलं बोट हलवायचं कधी?

स्वतःचा तळहात समोर धरा. तळव्याच्या वरच्या रेषेपासून बोटाच्या मधल्या पेरापर्यंतचा पट्टा पाहा. इथे बोट वाकवणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, एकाच अरुंद नळीतून सरकतात.

अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल या पट्ट्याला 'नो मॅन्स लँड' म्हणत. दोन सैन्यांमधली, पाऊल टाकू नये अशी जमीन. इथे तुटलेली कंडरा शिवली की ती नळीला चिकटायची आणि बोट ताठ राहायचं. म्हणून त्यांचा सल्ला होता : आत्ता फक्त कातडी शिवा, कंडरा नंतर दुसरीकडून आणून बसवा. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या हातांसाठी अमेरिकी लष्कराने उभारलेली केंद्रं बनेल यांच्याच मार्गदर्शनाखाली होती. त्यामुळे त्यांचा शब्द मोडणं सोपं नव्हतं.

१९६७मध्ये लुईव्हिलच्या हॅरल्ड क्लाइनर्ट यांच्या गटाने याच पट्ट्यात लगेच शिवलेल्या कंडरांचे चांगले निकाल मांडले. टाके बारीक होतेच, पण त्यांच्या जोडीला नखाला अडकवलेला रबरबँड होता. बोट सरळ रुग्णाने करायचं, वाकवायचं रबरबँडने. शिवणीवर ताण कमी, तरी कंडरा सरकती.

जोर जास्त झाला तर शिवण तुटते, हालचाल कमी पडली तर बोट आखडतं. ही मात्रा सांभाळायला खास हाताचेच थेरपिस्ट लागले. १९७७मध्ये अमेरिकेत त्यांची स्वतंत्र संघटना झाली.

म्हणून ऑपरेशननंतर काही दिवसांतच कुणी 'बोट हलवा' म्हणालं, तर दचकू नका. फक्त सांगितलं तेवढंच हलवा.