कुळाची स्मृती आणि आजाराची ओळख

मुंबईच्या वैद्यकीय इतिहासात १९७१ हे वर्ष मज्जासंस्थेच्या आजारांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे ठरले. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला एक आनुवंशिक विकार त्या वर्षी जगापुढे आला आणि त्याच वर्षी एका नव्या संसर्गाने शहरात पाऊल टाकले. या दोहोंच्या अभ्यासात डॉ. नोशीर होरमसजी वाडिया (१९२५-२०१६) यांचे नाव अग्रणी आहे. विलायतेतील शिक्षण आटोपून परतल्यावर १९५७ मध्ये त्यांनी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात मज्जाविकारांचा विभाग उभा केला. २०१२ मध्ये त्यांना पद्मभूषण सन्मान लाभला.

त्या काळी मेंदूचे अंतरंग दाखविणारी आजची यंत्रे नव्हती. वैद्याची भिस्त रुग्णाच्या निरीक्षणावर व त्याच्या हकिकतीवरच असे. चालताना तोल जाणारे, बोलताना अडखळणारे काही रुग्ण तपासताना डॉ. वाडियांना एक वेगळे लक्षण आढळले. या रुग्णांची नजर एका वस्तूवरून दुसरीकडे झटकन वळत नसे. डोळे संथपणे सरकत. विचारपूस केली असता आईवडील व भावंडांतही हाच आजार निघाला. अशा नऊ कुटुंबांचा अभ्यास डॉ. वाडिया व डॉ. स्वामी यांनी १९७१ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पुढे १९९६ मध्ये या प्रकारच्या आजारास कारणीभूत असणाऱ्या एका जनुकाचा शोध लागला. त्या जनुकातील एक लहानसा अंश प्रमाणाबाहेर पुनःपुन्हा आलेला असतो. आई वा वडील यांपैकी एकास आजार असल्यास प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो होण्याची शक्यता निम्मी असते.

दुसरी कथा डोळे येण्याच्या साथीची. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात प्रथम नोंदली गेलेली ही साथ १९७१ मध्ये मुंबईत पोहोचली. लाल झालेले डोळे थोड्याच दिवसांत निवळत. परंतु मोजक्या रुग्णांचे पाय काही आठवड्यांनी एकाएकी लुळे पडू लागले. लक्षणे पोलिओसारखी, पण रुग्ण प्रौढ! 'काही दिवसांपूर्वी डोळे आले होते काय?' या साध्या प्रश्नाने धागा जुळला. डॉ. वाडिया व सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये 'लॅन्सेट'मधून ही गोष्ट वैद्यकविश्वाला कळविली. साथीचा विषाणूच मज्जारज्जूपर्यंत पोहोचत होता.

या दोन्ही विकारांना मुळापासून बरे करणारे औषध आजही नाही. तथापि व्यायामोपचार, चालण्यासाठी आधार, गिळण्याच्या त्रासाकडे लक्ष आणि कुटुंबाला आनुवंशिकतेविषयी सल्ला यांनी आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. संसर्गाच्या बाबतीत दक्षता अधिक फलदायी ठरते. भारतात पोलिओचा अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त घोषित झाला. तरीही पंधरा वर्षांखालील मुलाचा हात वा पाय अचानक लुळा पडल्यास ती बाब शासनाच्या आरोग्य यंत्रणेस तत्काळ कळविण्याची पद्धत चालू आहे, ती याच दक्षतेपोटी.

आपल्या समाजात वहीवंचांनी कुळांच्या नोंदी शतकानुशतके जपल्या. त्यांत जन्म, विवाह व वंश यांचा उल्लेख असे. आजाराचा मात्र क्वचितच. सोयरीक मोडेल या भयाने घरातील दुखणे झाकले जाते. सिल्व्हर पार्कसारख्या वसाहतीत राजस्थान, गुजरात, कच्छ येथून आलेली कुटुंबे शेजारी नांदतात. आजोबांचे दुखणे मात्र गावीच विसरले जाते आणि नातवाला तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कानी ते कधी पडतच नाही. आनुवंशिक आजार हा कोणाचा अपराध नव्हे. त्या नऊ कुटुंबांनी आपली हकिकत मोकळेपणाने सांगितली, म्हणूनच एका विकाराची ओळख पटली. प्रत्येक घरातील वडीलधाऱ्यांनी आपल्या कुळातील आजारांची आठवण पुढील पिढीच्या स्वाधीन करावी, ही नम्र विनंती.