विकास अभ्यास: स्पेशलायझेशन निवडताना

आंतरराष्ट्रीय विकास विषयात परदेशी मास्टर्स करू पाहणाऱ्यांना आम्ही आधी शिष्यवृत्तीची नियमावली वाचायला सांगतो. केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीतून २०२२ मध्ये भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे सामाजिक संशोधन वगळले गेले. म्हणजे इथल्या जातीवर संशोधन करायचे, तर हा दरवाजाच बंद! यंदाचा नियम स्वतः तपासा.

जेंडर, पर्यावरण, सार्वजनिक धोरण की अर्थशास्त्र? आमचे मत अर्थशास्त्राकडे झुकते. अनुसूचित जाती घटक कार्यक्रमाचा निधी कुठे वळवला, हे बजेट वाचता येणाऱ्यालाच पकडता येते. भाषणे करणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये लंडनची डी.एस्सी. मिळवली ती रुपयाच्या प्रश्नावर. गणिताची धास्ती असेल तर सार्वजनिक धोरण घ्या. पण प्रवेशाआधी विषयांची यादी मागवा. नाव एक, शिकवतात भलतेच, असेही होते.