दोन स्पीकरांची जोडी

चवथीच्या सुट्टीत धाकट्या भावाने त्याचा जुना गिटार अँप्लिफायर माझ्या खोलीत आणून ठेवला. पंधरा वर्षं लग्नाच्या बँडमधून फिरलेला. तीस वॅटचा, आत बारा इंची दोन स्पीकर, आणि त्यातला एक जळलेला. "दादा, तू वाचतोस ना इतकं, सांग कुठचा घालू?" आम्ही पडलो कारकून, त्यात बी.ए. इतिहास! मग इतिहासच उघडून बसलो.

ही गोष्ट इंग्लंडातली. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या फेंडर अँप्लिफायरमध्ये बहुधा जेन्सनचे स्पीकर असत. इंग्लंडात ती जागा सेलेशनने घेतली. व्हॉक्स कंपनीच्या एसी-३० मध्ये सेलेशनचे दोन निळे स्पीकर बसले, प्रत्येकी १५ वॅटचे. पंधरा नि पंधरा तीस, हिशेब अगदी काठावरचा. शॅडोज आणि बीटल्स यांच्या गिटारींचा तो चकचकीत आवाज याच पेटीतला.

निळ्याचं चुंबक अल्निकोचं, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट यांचं. कोबाल्ट महाग. १९६० च्या दशकात स्वस्त सिरॅमिक चुंबक आलं, त्यावर हिरवं झाकण, म्हणून नाव पडलं ग्रीनबॅक. लंडनच्या हॅनवेल भागात दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी फेंडरच्या बासमनवरून स्वतःचा अँप्लिफायर बनवला आणि बंद पेटीत चार स्पीकर घातले. मार्शलचा म्हणून जो भरडा, मधाळ आवाज आज लोक शोधतात, त्यात ग्रीनबॅकचा वाटा मोठा. म्हणजे काटकसरीतून आलेली वस्तू पुढे रसिकांची आवड झाली. गंमतच आहे!

१९८६ मध्ये सेलेशनने व्हिंटेज ३० काढला. नावात तीस, पेलतो मात्र साठ वॅट.

भावाचा शाबूत स्पीकर ग्रीनबॅक, २५ वॅट, १६ ओहम. त्याला हवा होता व्हिंटेज ३०. ओहम सारखेच घ्यायचे, नाहीतर समांतर जोडणीत कमी ओहमवाला जास्त वॅट खातो नि तोच आधी जळतो. वॅटचं गणित मात्र बेरजेचं नाही. पंचवीस अधिक साठ पंच्याऐंशी होत नाहीत, पन्नासच धरायचे, कारण शक्ती निम्मी निम्मी वाटली जाते. आमच्या ऑफिसात फाइलचा वेग सर्वांत संथ माणूस ठरवतो, तसंच.

खरी अडचण डेसिबलची. एका वॅटवर ग्रीनबॅक ९८ डेसिबल देतो, व्हिंटेज ३० शंभर. ही दोनची तफावत भरून काढायला ग्रीनबॅकला दीडपटीहून अधिक शक्ती लागेल. जोडीत तो झाकला जाणार. मुद्दाम वेगळे स्पीकर जोडणारेही आहेत, अमेरिकेतल्या मॅचलेसने तर तोच आपला आवाज केला. पण भावाला त्या पंधरा वर्षांचाच आवाज परत हवा होता. मी म्हटलं, "मग ग्रीनबॅकच घाल. नवा आहे, थोडे दिवस ताठ वाजेल."

घातला. आवाज पोकळ, खर्ज गायब! नऊ व्होल्टची बॅटरी आळीपाळीने दोन्हींच्या टोकांना लावून पाहिली. एकाचा पडदा पुढे आला, दुसऱ्याचा मागे गेला. वायरी उलट्या लावल्या होत्या, आणि लावल्या होत्या मीच.