लंडनच्या भिंतीत आपला प्लग का बसत नाही?

आजची गोष्ट भिंतीवरच्या भोकांची आहे. हसू नका, तिच्यात साम्राज्य आहे, महायुद्ध आहे आणि तांब्याची टंचाईसुद्धा आहे.

आपल्या घरातला तीन गोल पिनांचा प्लग आठवा. वर एक जाड पिन, खाली दोन बारीक. हा प्लग ब्रिटिशांचा. १९३४ साली ब्रिटनमध्ये त्याचं मानक ठरलं, बीएस ५४६ नावाचं. लहान उपकरणांना ५ अँपियरचा छोटा प्लग, हीटर वगैरेला १५ अँपियरचा मोठा. आपल्याकडे आज टीव्हीची लहान पिन आणि गीझरची जाड पिन असे दोन प्रकार दिसतात ना, ते तिथूनच आले. मुंबईत वीज देणारी कंपनी १९०५ सालची, तीही ब्रिटिश. बल्बचा दाबून फिरवायचा होल्डरसुद्धा त्यांचाच.

मग आज लंडनच्या हॉटेलात भिंतीवर तीन चपटी, चौकोनी भोकं का दिसतात? ज्यांनी आपल्याला प्लग दिला, त्यांच्याच घरी तो बसत नाही!

उत्तर दुसऱ्या महायुद्धात आहे. बॉम्बहल्ल्यांत ब्रिटनमधली लाखो घरं पडली किंवा मोडली होती. युद्ध संपल्यावर नवी घरं बांधायची तर त्यात वायरिंग कसं असावं, हे ठरवायला युद्ध चालू असतानाच, १९४२ साली, समिती बसली. वीस जणांच्या त्या समितीत एकच बाई होत्या, कॅरोलिन हॅस्लेट. स्वतः इंजिनिअर, आणि विजेमुळे बायकांचे घरातले कष्ट कमी व्हावेत म्हणून आयुष्यभर झटलेल्या.

अडचण अशी की तांबं दुर्मिळ झालं होतं. जुन्या पद्धतीत मोठ्या सॉकेटसाठी फ्यूजबॉक्सपासून वेगळी वायर ओढावी लागे. नव्या योजनेत एकच वायर सगळ्या खोल्यांतून फिरून परत त्याच फ्यूजबॉक्सकडे येते, रिंगसारखी. वीज दोन्ही बाजूंनी पोचते, म्हणून तांबं कमी लागतं. पण या रिंगचा मुख्य फ्यूज तब्बल ३० अँपियरचा. टेबललॅम्पची बारीक वायर जळून खाक होईल, तरी तो उडणार नाही. म्हणून तोडगा काढला : प्रत्येक प्लगच्या पोटातच छोटा फ्यूज. शिवाय अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवली. ती आधी आत जाते आणि बाकीच्या दोन भोकांवरचे पडदे उघडते. लहान मुलांनी आत काही खुपसू नये, यासाठी ही सोय.

हे मानक आलं १९४७ साली. तारीख ओळखीची वाटते? इंग्रज आपल्याकडून गेले आणि नवा प्लग स्वतःकडे ठेवून, जुना आपल्याकडे सोडून गेले. आपण तोच पुढे चालवला, आणि त्यात आपलं काही चुकलं असं मला वाटत नाही. भिंतीतलं बदलणं सोपं नसतं. मलाया, सिंगापूर, हाँगकाँग, आखातातले देश ब्रिटिशांच्या छायेत आणखी बरीच वर्षं राहिले, आणि आज तिथे चपट्या पिनाच आहेत. म्हणून दुबई आणि सिंगापूरला एकच अ‍ॅडाप्टर चालतो. प्रवासाच्या भाषेत तो ‘टाइप जी’, आपला ‘टाइप डी’. आणि आपल्या गीझरच्या जाड पिनेचं भावंड अजून दक्षिण आफ्रिकेत भेटतं, ‘टाइप एम’ नावाने.

आता महत्त्वाचं. आपला दोन पिनी चार्जर ब्रिटिश सॉकेटमध्ये बसवायला काही जण वरच्या भोकात पेन खुपसून पडदे उघडतात. रील्सवर ‘ट्रॅव्हल हॅक’ म्हणून हे फिरतंही. करू नका! चपट्या पिनांसाठी केलेल्या खोबणीत गोल पिन घट्ट बसत नाही, ढिला जोड तापतो. आणि प्लगमधला तो फ्यूज तुम्ही वगळलेला असतो. म्हणजे बारीक वायर आणि तिच्यामागे थेट ती मोठी रिंग. साधा, फ्यूज असलेला अ‍ॅडाप्टर घ्या, विषय संपला.

युरोपात सॉकेट खोलगट, गोल खड्ड्यासारखं दिसतं. दोन भोकं आणि कडेला वर-खाली धातूच्या पट्ट्या असतील तर जर्मन पद्धत. सॉकेटमधूनच एक पिन बाहेर आलेली असेल तर फ्रेंच. आपला बारीक दोन पिनी चार्जर दोन्हीत बसतो. डेन्मार्कचं सॉकेट मात्र हसऱ्या चेहऱ्यासारखं दिसतं, पण त्याच्या हसण्यावर जाऊ नका. जर्मन प्लग त्यात बसतो, वीजही येते, अर्थिंग मात्र मिळत नाही.

अमेरिकेत आणि जपानमध्ये दोन उभ्या चपट्या फटी. तिथे आकारापेक्षा व्होल्टेज बघा : अमेरिकेत १२०, जपानमध्ये १००, आपल्याकडे २३०. अ‍ॅडाप्टर फक्त आकार बदलतो, व्होल्टेज नाही. चार्जरवर बारीक अक्षरांत ‘१०० ते २४०’ लिहिलेलं असेल तर निर्धास्त लावा. आईने प्रेमाने बॅगेत भरलेल्या मिक्सरवर मात्र ते लिहिलेलं नसतं.

आणि लंडनच्या एखाद्या जुन्या हॉटेलात पलंगाशेजारी तीन गोल भोकांचं, अगदी आपल्या घरच्यासारखं सॉकेट दिसलं, तर चकित होऊ नका. तोच आपला ५ अँपियरवाला, तिथे आता फक्त टेबललॅम्पसाठी उरलाय. त्यात फोन लावायचा मोह होईल. पण त्याचं बटण बहुतेक वेळा दाराजवळच्या दिव्यांच्या बटणांत असतं. दिवा मालवून झोपलात की चार्जिंगही बंद, आणि सकाळी फोन बारा टक्क्यांवर.