अ रश ऑफ ब्लड टू द हेड (अल्बम) : श्रोत्यांची मते

अ रश ऑफ ब्लड टू द हेड : कोल्डप्ले या ब्रिटिश पॉप-रॉक बँडचा दुसरा अल्बम. प्रकाशन २६ ऑगस्ट २००२, पार्लोफोन. अमेरिकेत दुसऱ्या दिवशी कॅपिटॉलतर्फे. गाणी अकरा, लांबी सुमारे ५४ मिनिटे. गायन व पियानो क्रिस मार्टिन, गिटार जॉनी बकलंड, बेस गाय बेरीमन, ड्रम्स विल चॅम्पियन. निर्मिती केन नेल्सन आणि बँडची एकत्रित. विसाव्या-एकविसाव्या शतकाच्या सांध्यावर आलेल्या ब्रिटिश अल्बमांपैकी ज्यांची थोरवी समीक्षकांपेक्षा श्रोत्यांनी ठरवली, त्यांत याचा क्रम वरचा लागतो. म्हणून या नोंदीत रचनेच्या तपशिलाबरोबरच श्रोत्यांच्या मतांना अधिक जागा दिली आहे.

पार्श्वभूमी : ‘पॅराशूट्स’ हा पहिला अल्बम जुलै २००० मध्ये आला. ‘यलो’ या गाण्यामुळे बँड ब्रिटनबाहेर पोहोचला आणि त्या अल्बमला २००१ चा ब्रिट पुरस्कार व पुढे ग्रॅमीही मिळाले. पहिला अल्बम गाजला की दुसऱ्याकडे श्रोते अधिक कठोरपणे पाहतात, हे कोणत्याही भाषेतल्या संगीताला लागू आहे. मराठीत ‘गारवा’नंतर आलेल्या ‘सांज गारवा’ची तुलनाही पहिल्याशीच होत राहिली. ‘पॅराशूट्स’चा सूर हळवा, घरगुती, कमी वाद्यांचा होता. दुसऱ्या अल्बममध्ये बँडने आवाज मोठा केला, पियानो पुढे आणला आणि गिटारच्या सुरावटी स्टेडियमच्या मापाच्या केल्या. श्रोत्यांतली पहिली फूट इथेच पडली. ती आजही मिटलेली नाही.

ध्वनिमुद्रण : ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतरच्या दिवसांत लंडनमध्ये काम सुरू झाले. अल्बमचे पहिले गाणे ‘पॉलिटिक’ त्याच दिवसांतले आहे, आणि त्याचे ठोसे मारल्यासारखे सुरुवातीचे कॉर्ड ऐकताना हा संदर्भ अनेक श्रोते मनात धरतात. लंडनमध्ये मन लागेना म्हणून मंडळी लिव्हरपूलच्या पार स्ट्रीट स्टुडिओत गेली. इको अँड द बनीमेन या लिव्हरपूलच्या बँडचा गायक इयन मॅककलक याने तिथे त्यांना सल्ला दिला. ‘द सायंटिस्ट’ हे गाणेही लिव्हरपूलचेच. जॉर्ज हॅरिसनच्या ‘ऑल थिंग्ज मस्ट पास’ या अल्बममधले एक गाणे पियानोवर बसवण्याचा मार्टिन प्रयत्न करीत होता. ते जमले नाही आणि हातातून हे निघाले, असे त्याने सांगितले आहे. हॅरिसनने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर ‘वंडरवॉल म्युझिक’चे ध्वनिमुद्रण केले होते. दोन्ही घटनांचा थेट संबंध नाही. पण ब्रिटिश पॉप आणि मुंबई यांच्या नात्याचा धागा किती जुना आहे, हे त्यावरून कळते.

‘इन माय प्लेस’ हे गाणे आधीच्या काळात रचलेले होते. ऑगस्ट २००२ च्या आरंभी ते स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले.

क्लॉक्स : या अल्बमवरील मतांचा गाभा या एका गाण्यात सापडतो, म्हणून त्याचा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे. अल्बम जवळजवळ पुरा झाल्यावर ही सुरावट सुचली. तिसऱ्या अल्बमसाठी राखून ठेवलेल्या कच्च्या गाण्यांत ती गेली होती. बँडचा जुना मित्र व व्यवस्थापक फिल हार्वी याने आग्रह धरला म्हणून ती याच अल्बममध्ये आली. अल्बमचे प्रकाशन लांबले त्याचा हा एक लाभ.

गाण्याचा मूळ आकृतिबंध पियानोवरील तीन-तीन स्वरांच्या उतरत्या फेकींचा आहे. मूळ पट्टीतील ई फ्लॅट हा षड्ज मानला तर पहिल्या आवर्तनात सां–प–ग ही फेक येते. पुढील दोन आवर्तनांत कोमल निषाद–प–रे, आणि चौथ्यात ध–म–रे. वरचा स्वर सां, कोमल नि, पुन्हा कोमल नि, ध असा उतरतो आणि परत सां वर झेपावतो. सप्तक पाहिले तर कोमल निषाद आणि बाकी सर्व शुद्ध, म्हणजे खमाज थाटाचे स्वर. हा राग खमाज नव्हे. त्या रागाच्या आरोहात वर्ज्य असलेला ऋषभ इथे चारांपैकी तीन आवर्तनांचा आधार आहे, आणि शुद्ध निषाद तर नाहीच. मधल्या एका छोट्या भागात कोमल गंधारही डोकावतो. तरीही ठुमरी, भजन, नाट्यपद यांवर वाढलेल्या कानाला ही सुरावट पहिल्या ऐकण्यातच ओळखीची का वाटते, याचे उत्तर या कोमल निषादात आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लयीचे अंग याहून महत्त्वाचे. प्रत्येक आवर्तन आठ आघातांचे. पण तीन स्वरांची फेक आठांत नेमकी बसत नाही, त्यामुळे ते ३+३+२ असे मोडते. आपल्याकडे केरवा आठ मात्रांचाच, मात्र त्याचे खंड ४+४. केरव्याच्या अंगाने टाळी देणारा श्रोता दुसऱ्या खंडाशी येताना अडखळतो आणि समेवर पुन्हा सापडतो. ही अडखळण आणि सुटका दर आवर्तनात होते, म्हणून चाल साधी असूनही कंटाळा येत नाही. गिटार शिकणाऱ्या आणि कीबोर्डवर बोटे फिरवणाऱ्या हजारो मुलांनी हे गाणे बसवले, त्यामागे त्याचे हे गणित आहे. ब्रिटनच्या यादीत ते नवव्या, अमेरिकेत एकोणतिसाव्या क्रमांकावर थांबले. क्रमांक मध्यम, प्रभाव मोठा, असे त्याचे वर्णन करावे लागेल. फेब्रुवारी २००४ मध्ये त्याला रेकॉर्ड ऑफ द इयर हा ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

समीक्षक आणि श्रोते : बहुतेक ब्रिटिश नियतकालिकांनी स्वागत केले. एनएमईने दहांपैकी नऊ गुण दिले. अमेरिकेतील पिचफोर्कने ५.१ इतकेच दिले. टीकेचे मुद्दे मुख्यतः दोन : आवाज यू-टू आणि रेडिओहेड यांच्या वळणावर जातो, आणि शब्द फार सर्वसाधारण आहेत. कोल्डप्लेवरील टीकेचा सूर पुढच्या काही वर्षांत अधिक बोचरा झाला. त्यातील काही शेरे संगीतावर आहेत, काही श्रोत्यांच्या अभिरुचीवर. दुसऱ्या प्रकारच्या शेऱ्यांना या नोंदीत स्थान दिलेले नाही.

श्रोत्यांच्या मताची सर्वांत ठळक नोंद २०१३ ची आहे. बीबीसी रेडिओ २ ने श्रोत्यांकडून आवडत्या शंभर अल्बमांसाठी मते घेतली, त्यांत हा अल्बम पहिला आला. कीनचा ‘होप्स अँड फिअर्स’ दुसरा, ड्युरान ड्युरानचा ‘रिओ’ तिसरा, आणि पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ चौथा. या निकालावर बरीच चर्चा झाली. ज्यांनी पिंक फ्लॉइड आणि बीटल्स यांना मोजपट्टी मानले त्यांना हा क्रम पटला नाही. पण रेडिओ २ चा श्रोता हा काम करता करता, गाडी चालवता चालवता गाणी ऐकणारा प्रौढ श्रोता आहे. आयुष्यात प्रत्यक्ष किती वेळा ऐकले गेले या कसोटीवर त्याने मत दिले, असे मानले तर निकाल सुसंगत दिसतो. रोलिंग स्टोन मासिकाच्या पाचशे श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत २००३ मध्ये याचा क्रमांक ४७३ होता, २०१२ मध्ये ४६६, आणि २०२० मध्ये ३२४. समीक्षकांचे मत श्रोत्यांच्या मताकडे हळूहळू सरकत आले, एवढे या आकड्यांवरून म्हणता येते.

श्रोत्यांचे मतभेद तीन ठिकाणी एकवटतात. ‘पॅराशूट्स’प्रेमींना इथे तो हळवेपणा हरवल्यासारखा वाटतो. दुसरा गट उत्तरार्ध सैल मानतो. ‘अ व्हिस्पर’चे नाव या संदर्भात सर्वाधिक घेतले जाते. तिसरा वाद ‘डेलाइट’चा. त्यातील घसरत्या स्वरांच्या सुरावटीत काहींना पौर्वात्य छटा दिसते. भारतीय कानाला ती मींड वाटत नाही, कारण स्वर जिथून निघतो आणि जिथे पोहोचतो त्यांमधल्या जागांना तिथे अर्थ नाही. शेवटचे ‘ॲम्स्टरडॅम’ मात्र जवळजवळ सर्वांना मान्य आहे. पियानो आणि एकटा आवाज अशी त्याची मांडणी. अगदी अखेरीस सगळी वाद्ये एकदम येतात आणि लगेच ओसरतात.

महाराष्ट्रातील श्रोते : २००२ मध्ये मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयीन रॉकवर भारी गिटारचा पगडा होता. १९८६ पासून मुंबईत होणारा इंडिपेंडन्स रॉक आणि पवईच्या आयआयटीतील १९७१ पासूनचा मूड इंडिगो ही त्या अभिरुचीची मुख्य व्यासपीठे. अशा वातावरणात पियानोवर गाणारा हा बँड ‘सॉफ्ट’ ठरला. मात्र घरी, हेडफोन लावून ऐकणारा एक मोठा वर्ग तयार झाला. प्रथम काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउससारख्या दुकानांतून (बंद : २०१६), मित्राने उतरवून दिलेल्या सीडीवरून, आणि नंतर संगणकावरून हा अल्बम पसरला. श्रोत्यांनी तो अकरा गाण्यांचा सलग अल्बम म्हणून कमी आणि तीन-चार सुट्या गाण्यांच्या रूपात अधिक ऐकला.

मराठी श्रोत्याचे मत घडताना आणखी एक गोष्ट घडली. आपल्या भावगीताचा संस्कार शब्दप्रधान गायकीचा आहे. यशवंत देवांनी त्याच नावाचे पुस्तक लिहून तो विचार पक्का केला. गाणे चांगले की वाईट हे आपण आधी शब्दांवरून ठरवतो. मार्टिनचे शब्द त्या कसोटीला उतरत नाहीत. तरीही गाणी आवडली, कारण परक्या भाषेत ऐकताना श्रोत्याने शब्दांची कसोटी बाजूला ठेवली आणि कौल चालीला दिला. ‘द सायंटिस्ट’ची संथ चाल, पश्चात्तापाचा सूर आणि वारंवार परतणारे चार कॉर्ड मराठी विरहगीत ऐकणाऱ्याला मुळीच परके नाहीत. शब्द विरळ असणे हा इंग्रजी समीक्षकाला दोष वाटला. मराठी श्रोत्याला तीच मोकळी जागा उपयोगी पडली, आणि ही आवड कमअस्सल मानण्याचे कारण नाही.

बँडचा महाराष्ट्राशी प्रत्यक्ष संबंध पुढे आला. ‘हिम फॉर द वीकेंड’ या २०१६ च्या गाण्याच्या चित्रफितीत वरळी कोळीवाडा आणि वसईचा किल्ला दिसतो. भारताच्या त्या चित्रणावर दोन टोकांची मते व्यक्त झाली. १९ नोव्हेंबर २०१६ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर ग्लोबल सिटिझन महोत्सवात बँडने पहिल्यांदा मुंबईकरांसमोर मोठा कार्यक्रम केला. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर १८, १९ आणि २१ जानेवारी २०२५ रोजी तीन कार्यक्रम झाले. त्यांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाली तेव्हा एक कोटीहून अधिक लोक संकेतस्थळावर आल्याचे सांगण्यात आले. मूळच्या दोन तारखांना तिसरी त्याच दिवशी जोडावी लागली. तिकिटांच्या चढ्या फेरविक्रीबद्दल तक्रारी झाल्या. पहिल्या रात्री मार्टिनने ब्रिटनने भारतावर केलेल्या अन्यायाचा उल्लेख करून, तरीही स्वागत केल्याबद्दल श्रोत्यांचे आभार मानले. या कार्यक्रमांत ‘द सायंटिस्ट’ आणि ‘क्लॉक्स’ दोन्ही सादर झाली. अल्बम आला तेव्हा विशीत असलेले श्रोते आता चाळिशीत होते, आणि त्यांच्या शेजारी तेव्हा जन्मलेलीही नसलेली मुले होती.



मुखपृष्ठ : नॉर्वेजियन छायाचित्रकार सोल्व्ह सुंड्स्बो याची त्रिमितीय स्कॅनरवरील प्रतिमा. जानेवारी २०१० मध्ये रॉयल मेलने काढलेल्या दहा अल्बम-मुखपृष्ठांच्या टपाल तिकिटांत हिचा समावेश होता.

चित्रफिती : ‘द सायंटिस्ट’ची चित्रफीत जेमी थ्रेव्हज याची. ती उलट्या क्रमाने चालते आणि मार्टिनचे ओठ शब्दांशी जुळावेत म्हणून तो गाणे उलटे म्हणायला शिकला. २००३ च्या एमटीव्ही व्हिडिओ म्युझिक पुरस्कारांत तिला तीन पुरस्कार मिळाले. भारतातील अनेकांनी हे गाणे आधी दूरचित्रवाणीवर पाहिले आणि मग ऐकले.

पुरस्कार : ब्रिट पुरस्कार २००३ (ब्रिटिश अल्बम, ब्रिटिश ग्रुप). ग्रॅमी २००३ : सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बम, आणि ‘इन माय प्लेस’साठी रॉक सादरीकरण. ग्रॅमी २००४ : ‘क्लॉक्स’.

मूल्यमापन : या अल्बममध्ये अकरा गाणी असली तरी श्रोत्यांच्या स्मरणात चार टिकली : ‘इन माय प्लेस’, ‘द सायंटिस्ट’, ‘क्लॉक्स’ आणि काहीशा मागून ‘गॉड पुट अ स्माइल अपॉन युवर फेस’. ‘वॉर्निंग साइन’, ‘ग्रीन आइज’ आणि ‘ॲम्स्टरडॅम’ ही त्याच तोलाची गाणी असून नव्या श्रोत्याने ती क्रमाने, सलग ऐकावीत. अल्बमनंतर बँडचे आणखी आठ स्टुडिओ अल्बम आले. त्यांपैकी ‘मून म्युझिक’ हा बँडचा एकूण दहावा अल्बम ऑक्टोबर २०२४ चा आहे.